आवाज ऑडॅसिटीत, चित्र दुसरीकडे : नवशिक्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेसिपीचे व्हिडिओ करणाऱ्या काकू, धडे रेकॉर्ड करणारे गुरुजी, कीर्तन महोत्सवाची मंडळं आणि पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ 'जरा नीट' करून हवा असलेले काका, अशा सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येत असतात. माणसं वेगळी, प्रश्न बहुतेक तेच. उदाहरणांसाठी आवाजाच्या बाजूला ऑडॅसिटी आणि चित्राच्या बाजूला दा विंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट धरलं आहे. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर मेनूतली नावं बदलतील, दुखणी तीच राहतील.

१. ऑडॅसिटीत व्हिडिओ कापता येतो का?

नाही. ऑडॅसिटीला चित्र दिसतच नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ती सुरू झाली ती निव्वळ आवाजासाठी, आणि आजही तिचं काम तेवढंच. व्हिडिओची फाइल टाकलीत तर ती त्यातला आवाज उचलते आणि चित्राकडे ढुंकूनही पाहत नाही. आवाज कसा उचलायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. मग दोन-दोन सॉफ्टवेअर कशाला शिकायची? व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची सोय असतेच की.

असते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना दुसऱ्याची गरज नसते. उकडीच्या मोदकांची पाच मिनिटांची रेसिपी, तोंडाजवळ कॉलर माईक, शांत स्वयंपाकघर : एवढ्यासाठी ऑडॅसिटी उघडायचं काही कारण नाही. रिझॉल्व्हमध्ये तर २०१७ च्या १४ व्या आवृत्तीपासून फेअरलाइट नावाचं आवाजाचं आख्खं पान आहे.

दुसरं सॉफ्टवेअर लागतं ते आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला असेल तेव्हा, किंवा तासाभराच्या निवेदनातले 'अं...', 'म्हणजे...' वेचून काढायचे असतील तेव्हा. तिसरं कारण कुणी सांगत नाही, पण आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त लागू पडतं : लॅपटॉप जुना असतो. व्हिडिओ उघडला की तो घरघरायला लागतो. ऑडॅसिटी मात्र त्याच लॅपटॉपवर निवांत चालते, त्यामुळे आवाजाचं किचकट काम आधी तिच्यात उरकून घेणं सोयीचं पडतं.

३. पैसे खर्च करायचे नाहीत. नेमकं कुठलं घेऊ?

वर लिहिलेली चारही फुकट मिळतात आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. जुन्या लॅपटॉपवर शॉटकट. थोडं मन लावून शिकायची तयारी असेल तर केडेनलाइव्ह. सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तरच रिझॉल्व्ह; आधी नको, नाहीतर शिकण्यापेक्षा वाट पाहण्यात जास्त वेळ जाईल. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या दोघांच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन आहे, त्यामुळे एक आलं की दुसरं फारसं परकं वाटत नाही. डाउनलोड मात्र मूळ संकेतस्थळावरूनच करा.

४. आधी आवाज साफ करू की आधी व्हिडिओ कापू?

सगळ्यात जास्त आलेला आणि सगळ्यात जास्त घोळ घालणारा प्रश्न. उत्तर एका गोष्टीवर ठरतं : बोलणारा माणूस पडद्यावर दिसतो का?

दिसत नसेल, म्हणजे मागून निवेदन आणि पुढे किल्ल्याची किंवा भाजीची दृश्यं असतील, तर आवाज आधी. ऑडॅसिटीत हवं तेवढं कापा, अडखळलेलं काढा, विराम आखूड करा. तयार आवाज व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर (क्लिपा क्रमाने मांडायच्या पट्टीवर) अंथरा आणि त्यावर चित्रं बसवा. चित्राने आवाजामागे जायचं.

माणूस दिसत असेल तर उलटं. ऑडॅसिटीत अर्धा सेकंदसुद्धा कापू नका. तिथे फक्त आवाजाचा पोत बदलायचा, लांबी नाही. वेळेचा मालक एकच असावा आणि या कामात तो व्हिडिओचं सॉफ्टवेअर असतो. नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं), इक्वलायझर (जाड-बारीक सुरांचा तोल), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं), लाउडनेस (एकूण आवाज किती मोठा) यांनी लांबी बदलत नाही, ते खुशाल वापरा. 'ट्रंकेट सायलेन्स' (शांत जागा आपोआप आखूड करणं), टेम्पो बदलणं आणि साधं डिलीट यांनी बदलते. मी स्वतः एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आवाजातला सुरुवातीचा 'हॅलो, माईक टेस्टिंग' हा तुकडा स्वच्छतेच्या भरात उडवला आणि मग बाईंचे ओठ आणि शब्द जुळवण्यात रविवार घालवला.

म्हणून क्रम असा : कच्चा आवाज अख्खा साफ करा, अख्खा एक्स्पोर्ट करा (म्हणजे वेगळी फाइल म्हणून बाहेर काढा), व्हिडिओशी जुळवा (प्रश्न ८ आणि ९), दोन्ही एकत्र बांधा आणि मग कात्री चालवा. साफ केलेल्या फाइलची लांबी मूळ फाइलइतकीच आहे ना, हे एक्स्पोर्टनंतर एकदा पाहून घ्या. ऑडॅसिटीत सुरुवातीची रिकामी जागा गाळून एक्स्पोर्ट करण्याचा एक पर्याय असतो. तो चुकून चालू राहिला तर लांबी तिथेच बदलते.

५. मोबाईलच्या व्हिडिओतला आवाज ऑडॅसिटीत येतच नाही. एरर दाखवते.

एमपी-फोरसारख्या फाइलींमधला आवाज वाचायला ऑडॅसिटीला एफएफएमपेग नावाचं जोडसाहित्य लागतं. ते एकदा बसवलं की फाइल नुसती ओढून आत टाकता येते. ती भानगड नको असेल तर व्हिडिओ आधी शॉटकटमध्ये उघडून फक्त आवाज वेव्ह (आवाज न पिळता ठेवणारा फाइलचा प्रकार) म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल ऑडॅसिटीला द्या.

६. ४४,१०० आणि ४८,००० ही काय भानगड आहे?

एका सेकंदात आवाजाचे किती नमुने घेतले, तो हा आकडा. ४४,१०० हा सीडीचा, ४८,००० हा व्हिडिओचा. ऑडॅसिटी बहुधा ४४,१०० वर उघडते. व्हिडिओसाठी काम असेल तर रेकॉर्डिंगच्या आधीच ४८,००० करून ठेवा.

बहुतेक सॉफ्टवेअर हा फरक आपलं आपण सांभाळतात. कधीतरी एखादं ४४,१०० ची फाइल ४८,००० समजून वाजवतं, मग आवाज जवळपास नऊ टक्के जलद आणि चिरका येतो. 'आमचे बुवा एकदम बारीक आवाजात का गातायत?' असा प्रश्न आला की मी आधी हा आकडा विचारते.

७. ऑडॅसिटीत सेव्ह केलेली फाइल व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही.

कारण सेव्ह केलेली फाइल म्हणजे आवाजाची फाइल नव्हे, ते ऑडॅसिटीचं स्वतःचं टाचण आहे. त्याचं शेपूट एयूपी-थ्री असतं आणि ते दुसरं कुणी वाचत नाही. ते जपून ठेवा, पुन्हा दुरुस्ती करायला लागेल. व्हिडिओसाठी 'एक्स्पोर्ट' करा आणि वेव्ह निवडा : ४८,०००, एकट्या माणसाच्या बोलण्याला मोनो (डावी-उजवी वेगळी न ठेवता एकच बाजू), १६ किंवा २४ बिट.

एमपी-थ्री का नको? एक तर ती आवाज पिळून लहान करते आणि शेवटी व्हिडिओ बनताना तो पुन्हा एकदा पिळला जातो. दुसरं म्हणजे एमपी-थ्री बनताना सुरुवातीला सेकंदाच्या काही शतांशांची शांतता चिकटते. ऐकायला काही नाही, जुळवताना त्रास. वेव्ह मोठी असते ही तक्रार खरी आहे, पण किती मोठी? १६ बिट मोनोमध्ये मिनिटाला पावणेसहा एमबी, तासाला साधारण ३४५ एमबी. तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट जागा खातो आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही.

८. शूटिंगच्या आधी टाळी का वाजवायला सांगतात?

सिनेमावाले क्लॅप देतात त्याच कारणासाठी. टाळीचा आवाज टाइमलाइनवर सुळक्यासारखा उभा दिसतो आणि व्हिडिओत दोन हात एकमेकांना भिडल्याची चौकट (फ्रेम) सापडते. ही दोन टोकं एकाखाली एक आणली की काम झालं.

आधी दोन्ही यंत्रांचं रेकॉर्डिंग सुरू करा. मग कॅमेऱ्यात हात नीट दिसतील असे धरून एकच खणखणीत टाळी. तीन-चार वाजवू नका, नंतर कुठली कुठे जुळवायची ते कळत नाही. लांब रेकॉर्डिंग असेल तर शेवटी आणखी एक वाजवा. तिचा उपयोग प्रश्न १० मध्ये आहे. कीर्तनात बुवांना टाळी वाजवायला सांगायची गरज नाही, टाळांचा पहिला ठोका तेच काम करतो.

टाळी माईकजवळ वाजवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ ३० मिलिसेकंद लागतात. आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे सभागृहाच्या मागच्या भिंतीशी कॅमेरा लावला, तर त्याच्या स्वतःच्या माईकवरचा आवाज चित्रापेक्षा पाऊण फ्रेम उशिराच असतो. म्हणून लांबच्या कॅमेऱ्यासाठी आवाजाशी आवाज न जुळवता भिडलेल्या हातांच्या चौकटीशी जुळवा.

९. टाळी वाजवायची राहून गेली. आता?

कॅमेऱ्यानेही स्वतःचा आवाज घेतला असेल तर घाबरू नका. दोन्ही आवाजांच्या लाटा ताडून सॉफ्टवेअर आपोआप जुळवून देतं. रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ आणि आवाज दोन्ही निवडून 'ऑटो सिंक ऑडिओ'मधला वेव्हफॉर्मचा पर्याय. केडेनलाइव्हमध्ये एका क्लिपवर 'सेट ऑडिओ रेफरन्स', दुसरीवर 'अलाइन ऑडिओ टू रेफरन्स'. शॉटकटमध्ये 'अलाइन टू रेफरन्स ट्रॅक'.

आरती किंवा भजनात मात्र हे कधीकधी फसतं. तीच चाल, तोच ठेका पुन्हा पुन्हा येतो आणि सॉफ्टवेअर दुसरं कडवं पहिल्याला नेऊन चिकटवतं. जुळवल्यावर निदान तीन ठिकाणी ओठ पाहा. आपोआप जमलंच नाही तर 'प', 'ब', 'म' हे वर्ण शोधा. तिन्हींना ओठ पूर्ण मिटावे लागतात. 'पांडुरंग' म्हणताना ओठ उघडले ती चौकट आणि आवाज सुटला ती जागा जुळवा. शंका असेल तर आवाज किंचित मागे राहू द्या, पुढे नको. टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातं. सवय आहे आपल्याला : लांबच्या धोब्याचा हात आधी दिसतो, धोपटल्याचा आवाज मागून येतो.

१०. सुरुवातीला अगदी बरोबर जुळतो, पण तासाभराने आवाज मागे पडलेला असतो. असं कसं?

दोन घड्याळं रात्री सारखी लावली तरी महिन्याभराने दोन-चार मिनिटांचा फरक पडतो ना, तसंच. कॅमेऱ्यात एक स्फटिक-घड्याळ आणि रेकॉर्डरमध्ये दुसरं. दोन्ही चांगली असली तरी दहा लाखांत पन्नास भागांचा फरक सहज असू शकतो. ऐकायला नगण्य, पण ३,६०० सेकंदांवर तो ०.१८ सेकंद होतो, २५ फ्रेमच्या हिशोबाने साडेचार फ्रेम. ओठ फसतायत हे कुणाच्याही लक्षात येईल.

दहा मिनिटांच्या व्हिडिओत हाच फरक ३० मिलिसेकंद, एका फ्रेमपेक्षा कमी. म्हणून छोटे व्हिडिओ करणाऱ्यांना हा रोग माहीतच नसतो आणि पहिलं दोन तासांचं व्याख्यान रेकॉर्ड केलं की ते हादरतात.

इलाज दोन. सोपा आधी : दर दहा-पंधरा मिनिटांनी वक्ता श्वास घेतो किंवा पाणी पितो तिथे आवाजाची क्लिप कापा आणि पुढचा भाग एक-दोन फ्रेम सरकवा. शांततेत कापल्यामुळे ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी नव्वद टक्के वेळा हेच करते.

दुसरा इलाज संगीताला, जिथे मध्ये कापायला जागाच नसते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टाळीमधलं अंतर दोन्हीकडे मोजा. समजा व्हिडिओत ते ३,६००.००० सेकंद भरलं आणि आवाजात ३,६००.३००. ऑडॅसिटीत दोन टाळ्यांमधला भाग निवडून वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये 'नवी लांबी'च्या चौकटीत व्हिडिओचा आकडा लिहा. सूर बदलेल, पण एक शतांश टक्क्याहूनही कमी. तंबोरा लावणाऱ्यालाही कळणार नाही. प्रश्न ४ मध्ये लांबी बदलू नका म्हटलं होतं, त्याला हा एकच अपवाद.

फरक काही मिलिसेकंदांचा नसून सेकंदा-सेकंदांचा असेल तर घड्याळांना दोष देऊ नका. ६ आणि ११ पाहा.

११. मोबाईलचा व्हिडिओ मध्येच पुढे, मध्येच मागे होतो. टाळी जुळवूनही.

मोबाईल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम टिपतोच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की संख्या कमी-जास्त करतो. फोनवर बघताना काही जाणवत नाही, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर ठरावीक ठेका धरून चालतं आणि तिथे त्याची पावलं चुकतात.

एडिटिंगच्या आधीच व्हिडिओ ठरावीक फ्रेमचा करून घ्या. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (सेकंदाला ठरावीक फ्रेम) निवडायचं. शॉटकट तर अशी फाइल टाकली की स्वतःच विचारतं, 'एडिटिंगला सोयीची करून देऊ का?' तेव्हा हो म्हणा. बरेच जण घाईत नाही म्हणतात आणि मग मला विचारतात. रिझॉल्व्हवाल्यांनी प्रोजेक्टचा फ्रेमरेट क्लिपा आत घेण्याआधीच ठरवावा, नंतर तो बदलू देत नाही.

१२. पंख्याचा आवाज काढला, पण माणूस पाण्याच्या टाकीतून बोलल्यासारखा येतोय.

औषध जास्त झालं. नॉइज रिडक्शन दोन टप्प्यांत चालतं. आधी नुसत्या पंख्याचा तुकडा निवडून त्याचा नमुना द्यायचा, मग अख्खा आवाज निवडून तो नमुना वजा करायचा. लोक वजाबाकी २४, ३० डेसिबलपर्यंत ताणतात आणि बोलण्याचा गाभाही खरवडून निघतो. ६ ते १२ वर थांबा. थोडा पंखा राहिला तर राहू दे. प्रेक्षक मराठी घरातलेच आहेत, पंखा त्यांना ठाऊक आहे.

त्यासाठी शूटिंगच्या जागी कुणीही न बोलता तीसेक सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची सवय लावा. हा तुकडा नमुन्यालाही चालतो आणि पुढे मध्ये काही कापलं तर भोक बुजवायलाही.

हे फक्त एकसुरी आवाजावर चालतं : पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर, विजेची घूं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं ५० आणि १०० वर बसते. कुकरची शिट्टी, कोकिळा, शेजारच्यांचा मिक्सर यांच्यावर हा उपाय नाही. त्यांच्यासाठी एकच : थांबा, आणि वाक्य परत म्हणा.

गाणाऱ्यांनी विशेष जपावं. तंबोरा हा सतत, एकसारखा वाजणारा सूर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी पंख्याचाच भाऊ. नमुन्याच्या तुकड्यात तंबोरा वाजत असेल तर तो सगळीकडून पुसला जाईल. एका बैठकीच्या रेकॉर्डिंगचं असं झालेलं मी ऐकलं आहे. गायक अधांतरी लटकल्यासारखा वाटत होता. नमुना तंबोरा सुरू होण्याआधीचा घ्या, आणि नसेल तर नॉइज रिडक्शनच्या वाटेला जाऊ नका.

१३. 'फळभाजी' म्हटलं की माईकवर धप्प आवाज येतो.

प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि सरळ माईकवर आदळतो. माईक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, गालाच्या रेषेत धरा. झालेल्या रेकॉर्डिंगला ऑडॅसिटीत 'हाय-पास फिल्टर' (खालचे जाड आवाज अडवणारी चाळणी) ८० हर्ट्झवर लावा. टेबलाला लागलेले धक्के आणि रस्त्यावरच्या ट्रकची घरघरही त्यातच कमी होते.

१४. आवाज फाटलाय. दुरुस्त होईल?

रेकॉर्ड होतानाच फाटला असेल तर जवळजवळ नाही. लाटेची टोकं छाटली गेली की ती माहिती कुठेच उरत नाही. 'क्लिप फिक्स' एखाद-दुसऱ्या शब्दाला टेकू देतं, अख्ख्या भाषणाला नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी सगळ्यात मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल इतकाच आवाज ठेवा. लोक मीटर भरलेलं दिसावं म्हणून वर नेतात आणि मग टाळ्या पडल्या की फाटतं. ऑडॅसिटीत इफेक्ट लावल्यावर लाट लाल झाली तर तो वेगळा मामला : तिथे आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम चालतं, काही गमावलेलं नसतं. एक्स्पोर्टच्या आधी खाली आणलं की झालं.

१५. यूट्यूबवर चढवल्यावर माझा व्हिडिओ इतरांपेक्षा हळू ऐकू येतो.

यूट्यूब फार मोठे आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं हे माप) खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. म्हणजे उचलण्याचं काम तुमचं. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' उघडलं की उणे २३ लिहिलेलं दिसेल. तो युरोपातल्या टीव्ही प्रसारणाचा मापदंड आहे. तिथे उणे १६ ते उणे १४ लिहा आणि वरून लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा इफेक्ट) उणे १ डेसिबलवर.

खाली संगीत वाजणार असेल तर ही पायरी ऑडॅसिटीत न करता शेवटी व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळं एकत्र झाल्यावर करा.

१६. माईकचा आवाज जुळला. कॅमेऱ्याचा आवाज डिलीट करू?

नका करू. म्यूट करा आणि तिथेच राहू द्या. पुढे काही सरकलं तर पुन्हा जुळवायला तोच कामी येतो. टाळ्या, हशा, 'माउली माउली'चा गजर कॅमेऱ्याच्या माईकवर जास्त जिवंत येतो. तेवढ्यापुरता तो थोडा वर करा.

१७. ब्लूटूथ इअरफोनवर ऐकत एडिट केलं. स्पीकरवर लावलं तर ओठ चुकलेले!

ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला एक ते तीन दशांश सेकंद जास्त घेतो, त्यामुळे तुम्ही न झालेली चूक दुरुस्त केलीत. जुळवताना वायरवालाच हेडफोन. ब्लूटूथचा माईक तर नकोच. तो चालू झाला की आवाज फोनकॉलच्या दर्जाला उतरतो.

१८. आवाज फक्त डाव्या कानात येतोय.

माईक मोनो (एकच बाजू), ट्रॅक स्टीरिओ (डावी-उजवी अशा दोन बाजू). ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून त्याचे दोन मोनो तुकडे करा आणि रिकामा उडवा.

पिनही पाहून ठेवा. मोबाईलच्या माईकच्या पिनेवर तीन काळी कडी असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. चुकीच्या ठिकाणी चुकीची पिन घातली तर आवाज येतच नाही किंवा मोबाईल मुकाट्याने स्वतःचाच माईक वापरतो. खात्री करायला माईकवर नखाने हलकंसं टकटक करा आणि हेडफोनवर ऐका.

१९. ऑडॅसिटीत सुधारणा केली, तरी व्हिडिओत जुनाच आवाज वाजतो.

दोन्ही सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये वेव्ह फाइल हाच काय तो निरोप्या. सुधारणेनंतर पुन्हा एक्स्पोर्ट करा, त्याच जागी, त्याच नावाने. व्हिडिओचं सॉफ्टवेअर बंद करून उघडलं की नवा आवाज येतो आणि जुळवलेलं सगळं जागच्या जागी राहतं. याला अट एकच, लांबी तीच हवी (प्रश्न ४).

२०. प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला तर सगळं लाल, 'मीडिया ऑफलाइन'.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र-आवाज नसतात, ते कुठे ठेवलेत त्याचे पत्ते असतात. पेन ड्राइव्हवर फक्त प्रोजेक्ट नेलात, घर मागेच राहिलं. पहिल्या दिवसापासून एका कामाचं सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नेताना अख्खं फोल्डर न्या. फाइलींची नावं, मला लिहायला वाईट वाटतं पण, इंग्रजी अक्षरांत आणि मधली जागा न सोडता द्या. देवनागरी नावं बहुतेक ठिकाणी चालतात आणि नेमकी शेवटच्या रात्री कुठेतरी चौकोन-चौकोन होतात.

२१. बहीण अमेरिकेत, मी साताऱ्यात. ऑनलाइन गप्पांचा व्हिडिओ करायचाय, पण तिचा आवाज तुटतो.

इंटरनेटवरून आलेला आवाज वापरूच नका. दोघींनी कॉल चालू असताना आपापल्या टोकाला आपला आवाज ऑडॅसिटीत किंवा फोनच्या रेकॉर्डरवर घ्यायचा, दोघींच्या कानात हेडफोन. हेडफोन नसेल तर तुमच्या माईकमध्ये तिचा आवाजही शिरतो आणि मग वेगळं रेकॉर्ड करण्यात अर्थ उरत नाही.

कॉलचं चित्र तुम्ही ओबीएस या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. त्यात आवाजाचे सहापर्यंत वेगळे ट्रॅक ठेवता येतात. तुमचा आणि कॉलचा वेगळा ठेवा. ओबीएसमध्ये एमकेव्ही हा प्रकार निवडा. मध्येच वीज गेली तर एमपी-फोर फाइल अख्खी जाऊ शकते, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. नंतर ओबीएसमधूनच तिची एमपी-फोर करता येते.

कॉलवर तीन-दोन-एक मोजून एकत्र टाळी वाजवायची युक्ती सांगितली जाते, पण तिची टाळी तुमच्यापर्यंत उशिराच येणार. तिने पाठवलेला आवाज कॉलच्या ट्रॅकवरच्या तिच्याच शब्दांशी जुळवा.

२२. मागे जुन्या अभंगाची रेकॉर्ड लावली तर चालेल? अभंग तर तुकोबांचा आहे.

शब्द तुकोबांचे, ते कुणाच्या मालकीचे नाहीत. चाल आणि रेकॉर्डिंग मात्र कुणाची तरी असतात. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो, आणि संगीतकाराचा चालीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. वर्णनात 'श्रेय मूळ गायकांना' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. पारंपरिक चालीत स्वतः म्हणा, किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं काही घ्या.

२३. आजोबांच्या कीर्तनाचं चित्र व्हीएचएसवर आहे, पण त्यावरचा आवाज खराब. त्याच दिवशीची कॅसेट मात्र छान आहे. दोन्ही जुळतील?

जुळतील, पण प्रश्न १० मधलं गणित इथे चालणार नाही. कॅसेटचा वेग एकसारखा नसतो. पट्टा सैल झालेला, मोटर थकलेली, त्यामुळे ती कुठे जलद तर कुठे हळू जाते. अख्ख्या तासाला एकच टक्का लावून भागत नाही.

कॅसेट ऑडॅसिटीत ४८,००० वर घ्या आणि सुरात आहे का ते आधी पाहा. कीर्तनात पेटी असते, तिचा षड्ज आजच्या पेटीशी ताडून बघता येतो, आणि अख्खी कॅसेट वर किंवा खाली गेली असेल तर वेग एकदा बदलून घ्या. मग व्हीएचएसवरचा खराब आवाज खाली ठेवून कॅसेट दर दोन-तीन मिनिटांनी, टाळाच्या ठोक्यावर किंवा निरूपणातल्या विरामावर तुकड्या-तुकड्याने जुळवत जा. तासाच्या कीर्तनाला दोन-तीन संध्याकाळी लागतात. कॅसेटची बाजू उलटताना मधलं मिनिटभर गेलेलं असेल, तिथे व्हीएचएसचाच आवाज राहू द्या. जोडाच्या दोन्ही टोकांना अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा वर येणं) द्या, म्हणजे आजोबांचं वाक्य मध्येच तुटणार नाही.